जुन्या बंदुकीवरचा नवा लेप



आजच्या विषयाचं नाव वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला बंदुकीशी काय देणंघेणं? आम्हाला बंदुकीच्या माऱ्यात रस नाही. रस आहे तिच्या कातडीत. अमेरिकेत अनेक घरांत आजोबा-पणजोबांच्या काळातल्या बंदुका आहेत. कुणी त्या शिकारीला वापरल्या, कुणी युद्धातून परतल्यावर विकत घेतल्या. त्यांच्यावर गंज चढतो, रंग उडतो. मग घरातला हौशी माणूस गॅरेजमध्ये बंदूक सुटी करतो, जुना थर खरवडतो, त्यावर एक नवा लेप फवारतो आणि सगळे भाग ओव्हनमध्ये ठेवून भाजतो. साधारण एक-दोन तासांची भट्टी. बाहेर काढल्यावर शंभर वर्षांची बंदूक कालच कारखान्यातून आल्यासारखी दिसते. या एक-दोन तासांत काय मिळालं आणि काय कायमचं गेलं, हा आजचा प्रश्न.

आपल्याकडे अशा लेपासाठी फार जुना शब्द आहे: वज्रलेप. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीमुळे तो अलीकडे वर्तमानपत्रांतही येतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे. कच्ची टेंभुर्णी, कवठ, साली, बिया पाण्यात घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत काढा आटवायचा, त्यात गुग्गुळ, राळ, जवस वगैरे घालायचं आणि तो लेप तापवून मंदिराला, मूर्तीला, भिंतींना लावायचा. असा लेप एक कोटी वर्षे टिकतो अशी ग्वाहीही दिली आहे. जवस आणि उष्णता, या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुढे आपल्याला त्या दुसऱ्याच मुलुखात भेटणार आहेत.

आधी लोखंडाचं बघू. लोखंडाचा स्वभाव गंजण्याचा. बंदुकीत तर दारूची राख, हाताचा घाम, पावसाचं पाणी हे सगळं एकत्र येतं. अठराव्या शतकातल्या इंग्रज शिपायाच्या मस्केटची नळी चकचकीत असायची. ती तशी ठेवणं हा शिस्तीचा भाग. विटेची पूड आणि तेल घेऊन शिपाई घासत बसायचा. यात दोन तोटे होते. उन्हात नळी लांबून चमकायची, आणि रोज घासून घासून धातूच झिजायचा. म्हणजे निगा राखण्यानेच वस्तू संपत होती. पुढे १८०० सालापासून वापरात आलेल्या बेकर रायफलची नळी तपकिरी केलेली असे, आणि नेपोलियनच्या युद्धांनंतर साध्या मस्केटच्या नळ्याही तशाच होऊ लागल्या.

हे तपकिरी करणं म्हणजे काय? तर मुद्दाम गंज आणणं. क्षार आणि आम्लाचं पाणी लावायचं, दमट जागी ठेवायचं, वर आलेला सैल गंज तारेच्या ब्रशने काढायचा, परत लावायचं. असे अनेक हात. घट्ट बसलेला गंजाचा पातळ थर पुढच्या गंजाचा वेग कमी करतो आणि तेल धरून ठेवतो. हाच भाग मधेमधे उकळत्या पाण्यात घातला, की तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो आणि नळी निळसर काळी होते. याला म्हणायचं ब्लूइंग. विसाव्या शतकात त्याची झटपट पद्धत आली: कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं दाट द्रावण सुमारे १४० अंश सेल्सिअसला उकळायचं आणि त्यात भाग बुडवायचे. काही मिनिटांत काळेभोर. मिळणारा थर मात्र अतिशय पातळ. दिसायला देखणा, संरक्षणाच्या बाबतीत बराचसा तेलावर अवलंबून. तेल विसरलात की गंज आलाच.

आता भाजलेल्या लेपाकडे येऊ. त्याचं शास्त्र समजून घ्यायला प्रयोगशाळेत जायला नको, स्वयंपाकघर पुरे आहे. बिडाचा नवा तवा आणला की आपण त्याला तेल लावून तापवतो, पुन्हा लावतो, पुन्हा तापवतो. तवा मुरतो, म्हणजे काय होतं? तेलाचे रेणू उष्णतेने एकमेकांत गुंततात आणि लोखंडावर कडक काळी साय धरते. ती साबणानेही सहज निघत नाही. भाजलेल्या लेपाचं मूळ तत्त्व हेच.

युरोपात सतराव्या शतकात जपान-चीनकडून आलेल्या लाखकामाचं वेड लागलं. ते लाखेचं झाड तिकडे नव्हतं, म्हणून नकला सुरू झाल्या. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वेल्समधल्या पाँटिपूल इथे ऑलगुड घराण्याने लोखंडी पत्र्यावर असा लेप भाजण्याची कला नावारूपाला आणली. जवसाचं तेल, डांबरासारखा खनिज पदार्थ, राळ; आणि मग भट्टी. हे आपलं जवस आणि उष्णता! वराहमिहिराची पोथी वेल्समध्ये पोहोचली असं आम्ही अजिबात म्हणत नाही. वाळताना कडक होणारं तेल आणि त्याला घाई करायला लावणारी आच, हे दोन वेगळ्या ठिकाणच्या कारागिरांना स्वतंत्रपणे गवसलं, एवढंच. पुढे या लेपाला ‘जपानिंग’ असंच नाव पडलं. शिलाई मशीनचा काळा चकचकीत रंग आठवा, तो याच जातीचा. फोर्डची मॉडेल टी मोटार १९१४ ते १९२५ या काळात काळ्याच रंगात मिळायची, तिच्यावरचा रंगही याच कुळातला भाजलेला.

बंदुकीच्या जगात मात्र या लेपाला बराच काळ मानाचं पान नव्हतं. उत्तम बंदूक म्हणजे खोल निळी, हे समीकरण. रंग लावणं म्हणजे काहीतरी झाकणं असा समज. हा समज बदलला तो युद्धामुळे.

१९०६ मध्ये थॉमस वॉट्स कॉस्लेट या इंग्रज संशोधकाने लोखंडावर फॉस्फेटचा थर आणण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे हे हक्क अमेरिकेत क्लार्क पार्करकडे गेले आणि १९१५ मध्ये डेट्रॉइटला ‘पार्कर रस्ट-प्रूफ कंपनी’ उभी राहिली. म्हणून ‘पार्करायझिंग’. फॉस्फरिक आम्लाच्या, उकळीला थोड्या कमी असलेल्या द्रावणात भाग बुडवले की करडा, खरखरीत, न चमकणारा थर तयार होतो. तो तेल शोषून धरतो, शिवाय त्यावर रंग घट्ट बसतो. पहिल्या महायुद्धाच्या शेवटाकडे अमेरिकी सैन्याच्या रायफलींवर तो येऊ लागला, आणि दुसऱ्या महायुद्धात तर तोच नियम झाला.

ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धानंतर याच्याही पुढे जाऊन फॉस्फेटच्या थरावर काळा भाजलेला रंग चढवायला सुरुवात केली. ‘सनकोराइट’ हे त्याचं नाव. स्टर्लिंग कार्बाइन, एल-वन-ए-वन रायफल यांच्यावरचा तो काळा थर तुम्ही छायाचित्रांत पाहिला असेल. या धाग्याचं एक टोक आपल्यापर्यंत येतं. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ली-एनफील्ड बनत होत्या. १९६२ च्या चीन युद्धानंतर तिथे त्याच जुन्या घडणीवर नव्या ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी ‘टू-ए’ आणि ‘टू-ए-वन’ या रायफली तयार झाल्या. ईशापूरच्या अनेक रायफलींवर जाड काळा रंग असतो. सैन्यातून निघाल्यावर यातल्या पुष्कळ अमेरिकेत स्वस्तात विकल्या गेल्या. तिकडचा हौशी मनुष्य ती घरी आणतो, हा काळा रंग त्याला ओबडधोबड वाटतो, तो काढून टाकतो आणि खालचा ‘मूळ’ धातू शोधू लागतो. कुणी त्यावर नवा लेप भाजतो. पण तो काळा रंग हीच तर बंगालच्या पावसाळी हवेत टिकायला दिलेली, लष्कराने स्वीकारलेली कातडी. मग मूळ म्हणायचं कशाला? हा प्रश्न बाजूला ठेवू. परत येणार आहोत.

आता हे काम कारखान्यातून घरात कसं शिरलं ते बघू. अमेरिकेत घरगुती बंदूकदुरुस्तीची परंपरा जुनी. १९३६ मध्ये आर. एच. अँजियर यांचं ब्लूइंग आणि ब्राउनिंगवरचं पुस्तक आलं, त्यात कृतींचा खजिनाच होता. १९३९ मध्ये आयोवातल्या माँटेझुमा नावाच्या छोट्या गावात बॉब ब्राउनेल यांनी बंदूक-कारागिरांना लागणारं सामान विकायला सुरुवात केली. त्याचं पुढे मोठं दुकान झालं आणि टपालाने ब्रश, रसायनं, भाजायचे लॅकर घरोघरी जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरच्या सैन्यांच्या जुन्या रायफली अमेरिकेत मातीमोल भावाने आल्या. वीस-तीस डॉलरात माउझर, एनफील्ड मिळत. लोकांनी त्या घेतल्या, दस्ते कापले, नळ्या आखूड केल्या, घासूनपुसून चकचकीत निळ्या केल्या आणि हरणांच्या शिकारीला नेल्या. याला ते ‘स्पोर्टरायझिंग’ म्हणत.

त्या काळात कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. माल मुबलक होता. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली ती टपालाने मागवलेल्या अशाच एका स्वस्त इटालियन रायफलने. त्यानंतर १९६८ च्या कायद्याने बंदुकांची टपाली विक्री आणि जुन्या लष्करी मालाची आयात जवळजवळ बंद केली. १९८० च्या दशकात संग्राह्य जुन्या शस्त्रांसाठी आयातीचा दरवाजा पुन्हा किलकिला झाला. पण तोवर दृष्टी बदलली होती. ज्या रायफली कापून टाकल्या, त्याच न कापलेल्या अवस्थेत मिळाव्यात म्हणून आज संग्राहक कितीतरी पट पैसे मोजतात. वडिलांनी हौसेने चकचकीत केलेली रायफल मुलगा विकायला नेतो तेव्हा त्याला कळतं, की त्या चकाकीनेच तिची किंमत घालवली.

पण सगळा दोष हौसेला देऊन चालणार नाही. काही ठिकाणी भाजलेल्या लेपाला खरं कारण आहे. तीन उदाहरणं देतो. जुन्या दुनळी बंदुकीच्या नळ्या मऊ डाकाने जोडलेल्या असतात. कॉस्टिक सोड्याचं उकळतं द्रावण तो डाक खातं आणि दोन नळ्यांमधली पट्टी सुटते. ॲल्युमिनियमचे भाग असतील तर ते त्या द्रावणात विरघळतातच. तिसरं उदाहरण विंचेस्टर मॉडेल ९४ चं. १९६४ मध्ये कंपनीने खर्च कमी करण्यासाठी घडण बदलली. त्यानंतरच्या काही वर्षांतल्या रिसीव्हरचा, म्हणजे नळीला आणि यंत्रणेला धरणाऱ्या मधल्या सांगाड्याचा, धातू असा की नेहमीचं ब्लूइंग त्यावर नीट बसत नाही, जांभळट होतं. अशा वेळी १२० ते १५० अंशांवर भाजला जाणारा लेप हा शहाणपणाचा पर्याय ठरतो. एवढ्या उष्णतेने डाक वितळत नाही आणि पोलादाचं पाणीही सहसा उतरत नाही.

हे आधुनिक लेप दोन घराण्यांतून आले. एक, सैन्यासाठी बनलेली कोरडी वंगणं: राळेत मॉलिब्डेनम डायसल्फाइड घालून उष्णतेने पक्की केलेली. दुसरं, अलीकडचे सिरॅमिकयुक्त बहुवारिकांचे लेप; ऑरेगॉनमधलं ‘सेराकोट’ हे त्यातलं सर्वांत परिचित नाव. त्याची ओव्हनची जात सुमारे १२१ अंशांवर दोन तास भाजतात. थराची जाडी साधारण पंचवीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग. ब्लूइंगच्या थरापेक्षा कितीतरी जाड. मीठ, घाम, रसायनं यांच्यापुढे तो ब्लूइंगपेक्षा खूपच चांगला टिकतो, यात वाद नाही.

आता जरा लक्ष द्या, कारण इतिहास कुठे मरतो ते इथे दिसतं. लेप धरायला पृष्ठभाग कमालीचा स्वच्छ लागतो. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून सुटी करायची. तेलकटपणा विरघळवून काढायचा. मग भाग नुसतेच तापवायचे. शंभर वर्षांच्या लोखंडाच्या फटीत, खळग्यांत मुरलेलं तेल उष्णतेने बाहेर येतं. बंदुकीला घाम फुटतो म्हणा ना! तो पुसायचा, परत तापवायचं. आणि मग मुख्य काम: ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक कणी दाबाच्या हवेने मारून पृष्ठभाग खरबरीत करायचा. मग फवारणी, मग भट्टी. भट्टीही वेगळी हवी. ज्या ओव्हनमध्ये पाव भाजता त्यात हे करायचं नसतं, कारण वाफा विषारी असतात.

लेप बिचारा वरून बसतो. इतिहास पुसते ती त्याच्या आधीची कणी. जुन्या बंदुकीच्या अंगावर काय काय असतं? तपासनिसाचे बारीक ठसे, नळीच्या चाचणीची खूण, कारखान्याची अक्षरं, नळी बनल्याचा महिना आणि साल. कानसकाम केलेल्या कारागिराच्या हाताच्या रेघा. ज्या जागी मालकाने वर्षानुवर्षं बंदूक धरून चालवली, तिथे झिजून उघडा पडलेला धातू. घोड्याच्या खोगिराला लटकवून नेलेल्या बंदुकीवर घासणीचा विशिष्ट पट्टा. डमास्कस नळ्यांवर तर लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून काढलेली नक्षी, जी तपकिरी रंगामुळेच दिसते. कणी मारली की यातलं बरंचसं बोथट होतं, आणि उरलेल्यावर पंचवीस मायक्रॉनची चादर पडते. खोल कोरलेला क्रमांक राहतो. उथळ, नाजूक खुणा जातात. क्रमांक तर राहायलाच हवा, कारण तो पुसणं हा अमेरिकेतही गुन्हा आणि भारतातही.

म्हणजे कधीच लेप लावू नये का? इथे आमच्या विषयाची थोडी मदत घेऊ. १९०३ मध्ये व्हिएन्नात आलोइस रीग्ल या कला-इतिहासकाराने स्मारकांविषयी एक निबंध लिहिला. त्याने जुन्या वस्तूला आपण देत असलेली मूल्यं सुटी करून दाखवली. वस्तू भूतकाळाचा पुरावा म्हणून मोलाची असते, ते ऐतिहासिक मूल्य. तिच्यावर काळाने उठवलेल्या खुणांमुळे ती आपल्याला भिडते, ते वयाचं मूल्य. ती अजून कामाची आहे, ते उपयोगाचं मूल्य. आणि लोकांना नवंकोरं आवडतं, ते नवेपणाचं मूल्य. रीग्लचं म्हणणं असं की ही मूल्यं एकमेकांशी भांडतात आणि सगळ्यांना एकाच वेळी खूश करता येत नाही. गॅरेजमधला तो ओव्हन म्हणजे या भांडणाचा निकाल लावणारं न्यायालय आहे. फरक इतकाच, की या निकालावर अपील नाही.

आपल्या भाषेतली दोन उदाहरणं घेतली तर हे अधिक स्पष्ट होईल. पितळी पातेल्याची कल्हई गेली की आपण कल्हईवाल्याला बोलवायचो. नवी कल्हई केल्याने आजीच्या पातेल्याचा इतिहास खोटा झाला असं कुणी म्हणत नसे. कल्हई ही मुळातच जाण्यासाठी आणि पुन्हा होण्यासाठी असते. उलट, जुनी पोथी घ्या. शाई फिकी झाली म्हणून कुणी त्यावर नव्या शाईने अक्षरं गिरवली, तर ती पोथी वाचायला सोपी होईल, पण अभ्यासकाच्या कामाची राहणार नाही. आमच्या मते जुन्या बंदुकीसमोर पहिला प्रश्न हाच विचारावा: हिच्या अंगावरचा थर कल्हई आहे, की पोथीची शाई?

लष्करी रायफलीचं उत्तर गमतीचं आहे. एम-वन गरँड ही अमेरिकेची प्रसिद्ध रायफल १९३६ मध्ये सैन्याने स्वीकारली आणि सर्व मिळून पन्नास लाखांहून अधिक बनल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या शस्त्रागारांत परत आल्या, सुट्या झाल्या, झिजलेले भाग बदलले, आणि पुन्हा पार्करायझिंग झालं. कोरियाच्या युद्धानंतर परत तेच. आज एखादा संग्राहक आपल्या गरँडचा ‘मूळ’ करडा थर अभिमानाने दाखवतो तेव्हा तो पुष्कळदा दुसरा किंवा तिसरा थर असतो. नळी एका सालची, रिसीव्हर दुसऱ्या सालचा. थीसियसच्या जहाजाची गोष्ट आम्ही वर्गात वर्षानुवर्षं सांगितली. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच का? अमेरिकी सैन्याने हा प्रश्न चर्चा न करता सोडवला. त्याच्या लेखी रिसीव्हरवरचा क्रमांक तो, म्हणजे रायफल ती. थर ही कल्हई. पण गंमत अशी, की शस्त्रागाराने केलेली ती फेरदुरुस्ती आता स्वतःच इतिहास झाली आहे. १९५० च्या दशकातली कल्हई आज पोथीची शाई बनली. आणि ईशापूरच्या काळ्या रंगाचं उत्तरही इथेच आहे. लष्कराने दिलेला थर कितीही ओबडधोबड असो, तो त्या वस्तूच्या चरित्राचा भाग आहे. त्याच्याखाली कुठला तरी अधिक खरा धातू लपलेला असतो, ही समजूत सोडून द्यायला हवी. उघडं पोलाद हे मूळ रूप कधीच नव्हतं. कारखान्यातून ती रायफल उघडी बाहेर पडलीच नव्हती.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण नेवाडा राज्यातलं. २०१४ च्या नोव्हेंबरात ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानातल्या पुरातत्त्व विभागाच्या लोकांना एका ज्युनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली रायफल दिसली. विंचेस्टर मॉडेल १८७३, क्रमांकावरून १८८२ मधली. लाकूड करडं पडून भेगाळलेलं, दस्त्याचं टोक मातीत गाडलं गेलेलं, नळी गंजलेली. कुणी ठेवली, का परत आला नाही, कुणालाच ठाऊक नाही. ती वायोमिंगमधल्या कोडी इथल्या ‘बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट’ या संग्रहालयात नेली. तिथे इस्पितळात तिचा एक्स-रे काढला, तर दस्त्याच्या पोकळीत एक काडतूस सापडलं. संरक्षकांनी काय केलं? सुटणारे पापुद्रे चिकटवून स्थिर केले. बस्स. गंज काढून तिला नवी करणं त्यांना सहज शक्य होतं. पण नव्या विंचेस्टर पुष्कळ आहेत. झाडाला टेकून ऊन, बर्फ, वारा खात राहिलेली ही एकच. तिचा गंज हीच तिची साक्ष. तिला कुणी ओव्हनमध्ये घातलं असतं, तर एक बरी दिसणारी जुनी रायफल उरली असती आणि गोष्ट संपली असती.

आतापर्यंत आम्ही पुराव्याबद्दल बोललो. पण नव्या लेपाने जीवही जाऊ शकतो, आणि तेही सांगितलं पाहिजे. मॉडेल १९०३ स्प्रिंगफील्ड ही अमेरिकेची नावाजलेली रायफल. १९१७ च्या सुमारास काही रिसीव्हर गोळी झाडताना फुटले. चौकशीत काय निघालं? भट्टीतल्या पोलादाचं तापमान अनुभवी कामगार नुसत्या डोळ्यांनी, रंगावरून ठरवत होते. ऊन असेल त्या दिवशी तापलेलं पोलाद कमी लाल दिसतं, ढगाळ दिवशी जास्त. त्यामुळे उन्हाच्या दिवशी पोलाद गरजेपेक्षा कितीतरी जास्त तापवलं गेलं आणि ठिसूळ झालं. पुढे भट्ट्यांना तापमापक बसले, पद्धत बदलली. जुलियन हॅचर यांनी आपल्या १९४७ च्या ग्रंथात हा सगळा प्रकार नोंदवला आहे. स्प्रिंगफील्ड कारखान्याचे आठ लाखांखालचे आणि रॉक आयलंड कारखान्याचे २,८५,५०७ खालचे क्रमांक आजही संशयित मानले जातात. नागरिकांना जुन्या लष्करी रायफली विकणारी अमेरिकेतली अधिकृत संस्थाही त्या झाडू नयेत असंच सांगते.

विचार करा. पोलादाच्या रंगाने एकदा कामगारांच्या डोळ्यांना फसवलं. आता अशाच एखाद्या रायफलीवर सुंदर काळा लेप भाजला, तर तो पुढच्या मालकाच्या डोळ्यांना फसवेल. बारीक चीर, खोल खड्डे, कुणीतरी पूर्वी केलेली वेल्डिंगची ठिगळं, सगळं एकसारखं काळं. जुना, गंजका पृष्ठभाग निदान सावध तरी करतो. गुळगुळीत पृष्ठभाग विश्वास मागतो, आणि तो मागण्याचा अधिकार लेपाला नाही. म्हणून लेपाआधी जाणत्या बंदूक-कारागिराकडून तपासणी, हा क्रम उलटा होता कामा नये.

आता सार सांगतो. वस्तू साधी, मुबलक, वापरातली असेल, तिचा थर आधीच कुणीतरी बिघडवलेला असेल, आणि गंज धातू खात असेल, तर भाजलेला लेप हे तिचं आयुष्य वाढवणारं चांगलं साधन आहे. कापून-घासून गेलेल्या एखाद्या स्पोर्टर रायफलीवर लेप लावल्याने कुणाचंही नुकसान नाही. वस्तू विरळ असेल, तिच्यावर खुणा, ठसे, वापराच्या रेघा असतील, तर हात आवरावा. तिच्यासाठी मऊ कापड, हलकं तेल, कोरडी जागा, आणि ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झालेलं सूक्ष्मस्फटिकी मेण पुरतं. मेण काढता येतं. संरक्षणशास्त्रात आज जो मोठा नियम मानतात तो हाच: जे कराल ते पुढच्या माणसाला उलटवता आलं पाहिजे. भाजलेला लेप कदाचित काढता येईल. त्याआधी मारलेली कणी परत भरता येत नाही.

आणि लेप लावायचाच ठरला, तर आधी प्रत्येक भागाची, प्रत्येक ठशाची छायाचित्रं काढावीत. कोणत्या साली, कुणी, कोणता लेप लावला याची चिठ्ठी लिहून बंदुकीच्या कागदांसोबत ठेवावी. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची नोंद दगडावर कोरत. ही त्याचीच छोटी आवृत्ती समजा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण ऐकणाऱ्यांत भारतातलेही आहेत आणि अमेरिकेतलेही. अमेरिकेत स्वतःच्या कायदेशीर बंदुकीवर स्वतः लेप लावायला सहसा वेगळा केंद्रीय परवाना लागत नाही, मात्र दुसऱ्यांची कामं धंदा म्हणून घेतलीत तर लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार शस्त्राची दुरुस्ती आणि फेरबदल यांनाही परवाना लागतो. त्यामुळे इथे कुणाच्या घरी आजोबांची परवानाधारक बारा बोअर असेल, तर ती परवानाधारक कारागिराकडेच न्यावी. आणि नेण्याआधी एकदा खिडकीपाशी, उजेडात, तिच्या अंगावर काय काय लिहिलं आहे ते भिंग घेऊन वाचावं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.